गुरुवारचं कार्ड

दोस्तांनो, आज आधी एक कोडं घालते.

एका शाळेचा फुटबॉलचा संघ आहे. शाळा सुरू होऊन चौदा वर्षं झाली आहेत. या चौदा वर्षांत एकाही मोसमात संघाच्या विजयांचा आकडा पराभवांच्या आकड्यापेक्षा मोठा झालेला नाही. दरवर्षी तेच. पुढे काही वर्षांनी त्याच शाळेचा संघ सलग सामने जिंकायला लागतो. किती सलग? दहा? वीस? पन्नास? अहो, एकशे एक्कावन्न! १९९२ ते २००४ या काळात एकही पराभव नाही, साधी बरोबरीसुद्धा नाही. १९९२ साली त्या गावातला जो मुलगा पहिलीत बसला, तो २००४ मध्ये बारावी होऊन बाहेर पडला, तरी त्याने या शाळेचा संघ हरलेला पाहिलाच नव्हता!

कोडं असं, की मधल्या काळात त्या शाळेत झालं काय?

शाळेचं नाव डी ला साल हायस्कूल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला काँकर्ड नावाचं शहर आहे, तिथे ही शाळा १९६५ साली सुरू झाली. फक्त मुलग्यांची, कॅथलिक धर्मबंधूंनी चालवलेली.

कॅथलिक शाळा म्हटल्यावर पालघर-बोईसरकडच्या मुलांना फार समजावून सांगायला नको. गाडीत बसून वसईला उतरलात, की चर्च, चर्चला लागून शाळा आणि शाळेला लागून मैदान असं त्रिकूट दिसतंच. या शाळांचं आणि फुटबॉलचं नातंही जुनं आहे. गोव्याला आज सगळे फुटबॉलचं घर म्हणतात ना? तिथे हा खेळ नेला तो फादर विल्यम लायन्स या पाद्र्यांनी, १८८३ साली, शिवोली गावात. हवापालटासाठी म्हणून आले आणि चेंडू देऊन गेले!

आता 'डी ला साल' हे नाव कुणाचं, तेही सांगते, कारण त्या माणसाचं माझ्यासारख्या शिक्षकांवर मोठं ऋण आहे. जाँ-बाप्तिस्त द ला साल हे फ्रान्समधले एक श्रीमंत घरचे धर्मगुरू. जन्म १६५१ चा. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज ऐन विशीत होते, तेव्हाचा. त्या काळी फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांना शिकवायला धड शिक्षक मिळत नसत. ज्याला दुसरं काही जमत नाही तो मास्तर, असा मामला. या माणसाने आपली मालमत्ता दुष्काळात गरिबांना वाटून टाकली आणि मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या मातृभाषेत, फ्रेंचमध्ये शिकवायला सुरुवात केली. १६८५ मध्ये त्यांनी ऱ्हँस शहरात शिक्षकांना शिकवण्याची शाळा काढली. मी डीएड झाले ते कॉलेज आणि ती शाळा यांचं गोत्र एकच, बरं का! १९५० साली पोपनी त्यांना सगळ्या शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं.

असो. आपल्याला जायचंय मैदानावर. पण थांबा, आधी खेळ समजून घ्या. कारण अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. नाव पायाचं आणि काम बहुतेक हाताचं! चेंडू लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचं. बाजूला अकरा-अकरा खेळाडू, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. चेंडू हातात घ्यायचा आणि समोरच्यांच्या भिंतीतून वाट काढत पुढे न्यायचा. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. गेलात, तर पुन्हा चार. नाही गेलात, तर चेंडू समोरच्यांचा. असं करत प्रतिस्पर्ध्याच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाऊन, म्हणजे सहा गुण.

कबड्डी खेळणाऱ्यांना हा खेळ चटकन उमगेल. चढाई करणाऱ्याचं नाव होतं, त्याच्या नावाने टाळ्या पडतात. पण साखळी धरून उभे राहणारे, कोपऱ्यातून झेपावून पाय धरणारे? त्यांचं नाव सामना संपल्यावर किती जणांच्या लक्षात असतं? अमेरिकन फुटबॉलमध्येही पुढच्या रांगेत पाच मुलं अशीच असतात. मोसमभर चेंडू घेऊन पळायची पाळी त्यांच्यावर येत नाही म्हणा ना! समोरच्याला रेटायचं आणि मागून येणाऱ्या आपल्या गड्याला वाट करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. ही पाच मुलं लक्षात ठेवा. गोष्टीत ती महत्त्वाची आहेत.

१९७९ साली डी ला साल शाळेने नवा प्रशिक्षक नेमला. नाव बॉब लादूसर. वय जेमतेम पंचवीस. स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेला, आणि त्याआधी बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात मुलांबरोबर काम केलेला. शाळेत शिकवायचा विषय कोणता असेल, सांगा? पीटी नाही. धर्मशिक्षण! वर्गात मुलांशी चांगलं-वाईट यावर बोलायचं आणि शाळा सुटली की त्याच मुलांना घेऊन मैदानात उतरायचं. मुलं त्यांना 'कोच लॅड' म्हणत. आपण आपले लॅड सर म्हणू. लाड आडनाव आपल्याकडेही आहेच!

संघाची अवस्था तुम्हाला माहीत आहे. हरायची सवय लागलेला संघ कसा असतो, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. पहिले गुण गेले की खांदे पडतात. मग एक दुसऱ्याला म्हणतो, "तुझ्यामुळे गेलं." दुसरा म्हणतो, "तू कुठे होतास?" आमच्या केंद्रस्तरीय स्पर्धांत खो-खोच्या मैदानावर हेच ऐकू येतं, फक्त भाषा आपली असते.

लॅड सरांनी पहिली गोष्ट केली ती मैदानाबाहेर. वजनं उचलण्याचा व्यायाम सुरू केला, आणि तोही मोसम संपल्यावर! अमेरिकेत शाळांचा फुटबॉल मोसम ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतो आणि डिसेंबरच्या आसपास संपतो. मग मुलं हुश्श करतात. यांच्याकडे जानेवारीतच पुढच्या मोसमाची मेहनत सुरू. बघायला कुणी नाही, टाळ्या नाहीत, गुणफलक नाही. नुसता घाम. उन्हाळ्याच्या सुट्टीतही तेच. आठवा बरं, आपल्याकडे स्पर्धेची तारीख आल्यावर सराव सुरू होतो की नाही? परिपत्रक येतं सोमवारी आणि स्पर्धा असते शुक्रवारी!

दुसरी गोष्ट केली ती पायांची. फक्त पहिल्या पावलाची. चेंडू हलला रे हलला की अकराच्या अकरा मुलांनी एकाच क्षणी उसळलं पाहिजे. एकाचा पाय पाव सेकंद उशिरा पडला, तरी पुन्हा. परत. आणखी एकदा. या शाळेची पुढच्या रांगेतली मुलं बऱ्याचदा समोरच्यांपेक्षा अंगाने लहान असत. पण समोरचा धिप्पाड गडी जागचा हलायच्या आत ती त्याच्यावर जाऊन पोचलेली असत. वजनात मार खाल्ला तो वेळेत भरून काढला. पुढे पुढे या शाळेविरुद्ध खेळायचं म्हणजे याच पहिल्या पावलाची धास्ती असायची.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कार्ड.

हे कार्ड काय होतं? अगदी साधं, तळहाताएवढं. सामन्याच्या आदल्या रात्री, बहुधा गुरुवारी, सगळा संघ एका खेळाडूच्या घरी जेवायला जमे. तिथे सभा होई. प्रत्येकाने आपल्या कार्डावर स्वतःपुरतं लिहायचं: व्यायामात मी काय करीन, सरावात काय करीन, सामन्यात काय करीन. 'आम्ही जिंकू' असं लिहायचं नाही. 'जास्त मेहनत करीन' हेही चालायचं नाही, कारण ते मोजणार कसं? मोजता येईल असंच काहीतरी हवं. मग उभं राहून ते सगळ्यांसमोर वाचायचं आणि कार्ड द्यायचं जोडीदाराच्या हातात. सरांच्या नाही हं, जोडीदाराच्या! शब्द पाळला की नाही, हे आता तो जोडीदार बघणार आणि पुढच्या वेळी सगळ्यांसमोर विचारणार.

यातली गंमत कळली का? सरांना फसवणं सोपं असतं. (मी रोज फसते, मला माहीत आहे!) सर पाठमोरे झाले की दोन बैठका कमी मारल्या, तरी कुणाला कळतं? पण शेजारी बसणारा, आपल्याबरोबरच घामाघूम झालेला दोस्त? त्याला सगळं ठाऊक असतं. त्याच्या खिशात आपण आपल्या अक्षरात लिहून दिलेलं कार्ड असतं. आणि त्याचं कार्ड आपल्या खिशात! वर सांगितलेली ती पाच मुलं, ज्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यांच्याकडे निदान एक माणूस नक्की बघत असे.

सामन्याच्या दिवशी ही मुलं मैदानात शिरत ती आरडाओरडा करत धावत नव्हे. दोघादोघांच्या जोडीने, हातात हात धरून, चालत. सोळा-सतरा वर्षांचे दांडगे मुलगे, डोक्यावर शिरस्त्राणं, आणि बालवाडीतल्या पोरांसारखे हात धरलेले! पहिल्यांदा पाहणारे हसत असणार. नंतर कुणी हसलं नाही.

यश काही एका रात्रीत आलं नाही, पण संघ वर चढत गेला. दुसरे एक धर्मशिक्षणाचेच शिक्षक, टेरी आयडसन, सरांच्या जोडीला आले आणि त्यांनी बचाव सांभाळला. म्हणजे प्रशिक्षकांचीसुद्धा जोडीच! मग डिसेंबर १९९१ मध्ये विभागाच्या अंतिम सामन्यात शेजारच्याच पिट्सबर्ग गावाच्या शाळेने त्यांना ३५-२७ असं हरवलं. हा पराभव त्या मुलांच्या जिव्हारी लागला असणार, कारण त्यानंतर जे सुरू झालं ते बारा मोसम थांबलं नाही.

अमेरिकेत शाळेच्या संघाने सर्वाधिक सलग सामने जिंकण्याचा जुना विक्रम होता ७२ चा. मिशिगन राज्यातल्या हडसन या लहानशा गावाच्या शाळेचा, १९६८ ते १९७५ मधला. डी ला सालने तो १९९७ मध्ये मोडला आणि पुढे जवळजवळ तेवढेच सामने आणखी जिंकले. एक लक्षात घ्या. शाळेतली मुलं चार वर्षांनी पास होऊन जातात. बारा वर्षांत संघातली सगळीच्या सगळी मुलं तीन वेळा बदलली! जो पहिला सामना जिंकला, त्यातला एकही मुलगा शेवटच्या सामन्यात नव्हता. मुलं बदलत होती, कार्डं तीच राहिली.

या माळेतला सगळ्यात गाजलेला सामना ऑक्टोबर २००१ मधला. देशात पहिल्या क्रमांकावर डी ला साल आणि दुसऱ्या क्रमांकावर लाँग बीच पॉली, ही दक्षिण कॅलिफोर्नियातली भली मोठी सरकारी शाळा. शाळांच्या फुटबॉलमध्ये पहिला आणि दुसरा क्रमांक समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ. लाँग बीचची मुलं अंगापिंडाने थोराड. डी ला सालकडे मॉरिस ड्रू नावाचा बुटका, पण तोफेच्या गोळ्यासारखा मुलगा होता. त्याने एकट्याने चार टचडाऊन केले आणि सामना २९-१५ असा संपला. हाच मुलगा पुढे मॉरिस जोन्स-ड्रू या नावाने व्यावसायिक फुटबॉलमध्ये चमकला. पण त्याला वाट कुणी करून दिली? बरोबर ओळखलंत, त्या पाच जणांनी.

आता तुमच्यातला एखादा चौकस म्हणेल, "बाई, खासगी शाळा ना ती? लांबलांबून चांगले खेळाडू आणत असतील!" हा आरोप तिकडेही झाला, आणि वर्षानुवर्षं झाला. सरकारी शाळेला आपल्याच भागातली मुलं घ्यावी लागतात, खासगी शाळेत कुठूनही येता येतं. संघ गाजायला लागल्यावर चांगली मुलं आपणहून येणारच. या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. पण मला सांगा, १९७९ च्या आधीही ही शाळा खासगीच होती ना? नियम तेच, फाटक तेच. तेव्हा का नाही जिंकली? अमेरिकेत कॅथलिक शाळा शेकड्यांनी आहेत, त्यांना का नाही जमलं? नुसत्या चांगल्या खेळाडूंनी हे होत असतं, तर आपल्या क्रिकेट संघाने प्रत्येक विश्वचषक घरी आणला असता!

आता गोष्टीतला कठीण भाग.

२००३ साल संपता संपता लॅड सरांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले. आठ महिन्यांनी, १२ ऑगस्ट २००४ च्या रात्री, त्यांचा नुकताच शाळा संपवलेला खेळाडू टेरन्स केली याचा रिचमंड या त्याच्या गावी गोळी लागून मृत्यू झाला. तो अठरा वर्षांचा होता. फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर ओरेगॉन विद्यापीठात शिकायला जायला त्याला दोनच दिवस उरले होते. रिचमंडमध्ये तेव्हा बंदुकांचा सुळसुळाट होता. त्यातून वाट काढत हा मुलगा काँकर्डच्या शाळेत येत राहिला, शिकला, खेळला. गोळी झाडणारा मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याच्या खिशात कुणाचं कार्ड नव्हतं, एवढंच माझ्या मनात येतं.

तीन आठवडे उलटले आणि ४ सप्टेंबर २००४ ला संघ मोसमातला पहिला सामना खेळायला सिअॅटलला गेला. समोर बेलव्ह्यू नावाची शाळा. तिने डी ला सालला ३९-२० असं हरवलं. माळ १५१ वर तुटली. त्या मोसमात संघ आणखीही सामने हरला. हरणं म्हणजे काय, हे त्या मुलांना ठाऊकच नव्हतं. ते शिकायला वेळ लागला.

तुम्हाला वाटेल, आता सगळं संपलं. पण गुरुवार आला की सभा होतीच. दीडशे सामने जिंकताना जे लिहीत, तेच लिहायचं: व्यायाम, सराव, सामना. माझ्या मते या शाळेची खरी परीक्षा झाली ती इथे. माळ तुटली, तरी संघ १९७९ च्या आधीच्या गाळात परत गेला नाही. येत्या वर्षांत तो पुन्हा राज्यात अव्वल ठरू लागला. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही शाळेकडून तर तो त्या १९९१ च्या पिट्सबर्गच्या सामन्यानंतर पुढली तीस वर्षं हरलाच नाही. २०२१ च्या सप्टेंबरात माउंटन व्ह्यूच्या सेंट फ्रान्सिस शाळेने ३१-२८ असं हरवून तीही रांग संपवली. अवघ्या तीन गुणांनी!

लॅड सर जानेवारी २०१३ मध्ये मुख्य प्रशिक्षकपदावरून उतरले. ३४ मोसम, ३९९ विजय, २५ पराभव, ३ बरोबरी. चारशेला फक्त एक कमी! आपल्याकडचा एखादा असता, तर "अजून एकच सामना" म्हणून आणखी एक मोसम थांबला असता. मोठ्या कॉलेजांतून बोलावणी आली, तेव्हाही ते शाळा सोडून गेले नव्हते. त्यांच्या जागी आले जस्टिन अलंबॉ. ते याच संघात खेळलेले, म्हणजे कधीकाळी याच सभेत उभं राहून कार्ड वाचलेले.

या सगळ्यावर २०१४ मध्ये चित्रपट निघाला, 'व्हेन द गेम स्टँड्स टॉल'. कुठे पाहायला मिळाला तर जरूर पाहा, पण एक लक्षात ठेवा. लाँग बीचचा सामना त्यात सिअॅटलच्या पराभवानंतर दाखवलाय. प्रत्यक्षात तो तीन वर्षं आधी झाला. शेवट गोड व्हावा म्हणून चित्रपटवाले तारखांची फिरवाफिरव करतात. नील हेज या पत्रकाराचं मूळ पुस्तक मात्र २००३ मध्ये, माळ तुटण्याच्या आधीच छापून झालं होतं.

तुमच्या संघासाठी हे करून पाहायचं असेल, तर खर्च शून्य. आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलींनी खो-खोसाठी केलं. कार्डं केली जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीची. बेटेगावात वैशाखानंतर त्यांना तोटा नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी लिहिलं, 'मी चांगली खेळेन.' ती कार्डं परत दिली. दुसऱ्या आठवड्यात एकीने लिहिलं, 'खुंटाला वळसा घालताना मी रोज वीस वेळा न थांबता पळेन.' दुसरीने लिहिलं, 'खो देताना मी आधी हात लावीन, मग बोलेन.' असं लिहिलं की जोडीदारणीला मोजता येतं. एक नियम आम्हाला नंतर घालावा लागला: सख्ख्या बहिणींची जोडी लावायची नाही. घरी गेल्यावर भांडी कुणी घासायची, यावरून कार्डं फाटतात.